पिंजरा लावण्याआधीचे काम

२०२४ च्या मार्च महिन्याच्या अखेरीस वसईच्या किल्ल्यात बिबट्या दिसला आणि पुढचे तीन-साडेतीन आठवडे सगळ्या तालुक्यात एकच प्रश्न होता, तो पकडला कधी जाणार? प्रश्न अगदी रास्त होता. किल्ल्याला लागून पाचूबंदर, किल्लाबंदर अशी कोळ्यांची दाट वस्ती आहे. जेट्टीकडे जाणारा रस्ता किल्ल्यातूनच जातो, आणि पहाटे-अंधारात या रस्त्याने ये-जा करण्यावाचून अनेकांना गत्यंतर नसते. वनखात्याने कॅमेरे बसवले, पिंजरे लावले, रात्रीची गस्त घातली. भाईंदरकडे नुकत्याच सुरू झालेल्या रो-रो बोटीच्या संध्याकाळच्या फेऱ्यांनाही त्याची झळ बसली. एप्रिलच्या चौथ्या आठवड्यात बिबट्या पिंजऱ्यात आला, कोणाचा जीव गेला नाही, आणि ज्यांनी रात्री जागवल्या त्यांचे श्रेय त्यांना मिळायलाच हवे. मात्र पिंजऱ्याचे दार पडले त्याच दिवशी हा विषय लोकांसाठी आणि बऱ्याच अंशी यंत्रणेसाठीही संपला. बिबट्या समुद्राच्या या टोकापर्यंत कोणत्या वाटेने आला, तीन आठवडे काय खाऊन राहिला, तो वयात येऊन स्वतःची जागा शोधणारा तरुण होता की इथे नेहमी येणारा, आणि त्याला उचलल्यावर त्या वाटेने दुसरा येईल का, हे प्रश्न कोणाच्याच कामाच्या यादीत नव्हते. माझे म्हणणे असे की हे प्रश्न विचारणे आणि त्यांची उत्तरे लेखी ठेवणे हे सरकारी काम आहे. त्यासाठी वनखात्याच्या प्रादेशिक विभागांत वन्यजीव जीवशास्त्रज्ञाचे कायम पद हवे. आणि वसई-विरारइतकी त्याची निकड राज्यात फार थोड्या ठिकाणी असेल.

नकाशा पाहिला की निकड कळते. दक्षिणेला वसईची खाडी, खाडीपलीकडे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, पूर्वेला सुमारे ८५ चौरस किलोमीटरचे तुंगारेश्वर अभयारण्य आणि त्याच्याही पलीकडे तानसाचे जंगल. मुंबईचे राष्ट्रीय उद्यान शंभरेक चौरस किलोमीटरचे आहे आणि तीन बाजूंनी शहराने वेढलेले आहे. तिथल्या बिबट्यांना बाहेरच्या जगाशी जोडणारा जमिनीवरचा जो चिंचोळा दुवा उरला आहे, तो उद्यानाच्या नागला भागातून कामण-चिंचोटीच्या परिसरातून तुंगारेश्वरकडे जातो. याच दुव्यातून वसई-दिवा रेल्वे जाते, चिंचोटी-भिवंडी रस्ता जातो, अहमदाबाद महामार्ग त्याच्या कडेने धावतो, आणि आता मालवाहतुकीच्या स्वतंत्र रेल्वेमार्गाची, द्रुतगती महामार्गाची भर पडते आहे. २०११ च्या जनगणनेत वसई-विरार महापालिकेच्या हद्दीत १२ लाखांहून जास्त माणसे होती. त्यानंतर नालासोपारा-विरारच्या पूर्वेला डोंगराच्या पायथ्यापर्यंत चाळी चढल्या. २००९ मध्ये पारनेर तालुक्यातल्या टाकळी ढोकेश्वरजवळ विहिरीत पडलेल्या एका वयस्क नराला गळ्यात जीपीएस पट्टा बांधून माळशेज घाटात सोडण्यात आले होते. संशोधकांनी त्याला ‘आजोबा’ हे नाव दिले. तो कसाऱ्याजवळ रेल्वे ओलांडून, वसईच्या औद्योगिक पट्ट्यालगतून, खाडी पोहून राष्ट्रीय उद्यानात पोचला. एकूण प्रवास सुमारे १२० किलोमीटरचा, आणि तोही महिन्याभरात. वाटेत त्याने कोणा माणसाला इजा केल्याची नोंद नाही. २०११ मध्ये तो अहमदाबाद महामार्गावर वाहनाच्या धडकेने मेला. वसईतून बिबटे जातात हे त्याच्या गळ्यातल्या पट्ट्यामुळे पुराव्यानिशी कळले. पट्टा नसता तर हा प्रवास झाला असता, आपल्याला कळला मात्र नसता.

या कामाचे स्वरूप नेमके काय, हे आधी सांगायला हवे, कारण वन्यजीव जीवशास्त्रज्ञ म्हटले की दुर्बीण घेऊन जंगलात फिरणारा माणूस डोळ्यांपुढे येतो. नुकसानीच्या व्यवस्थापनात त्याचा बराच वेळ तक्रारी वाचण्यात, त्या नकाशावर मांडण्यात आणि त्यांतून आकृती शोधण्यात जातो. प्रत्येक बिबट्याच्या अंगावरच्या ठिपक्यांची रचना वेगळी असते. वाटेच्या दोन्ही बाजूंना कॅमेरे लावून दोन्ही कुशींची छायाचित्रे मिळाली की प्राणी ओळखता येतो, आणि तेच प्राणी किती वेळा पुन्हा दिसतात यावरून संख्याशास्त्राने एकूण संख्या काढता येते. विष्ठेतल्या केसांवरून त्याने काय खाल्ले ते कळते, विष्ठेतल्याच डीएनएवरून तो कोण होता तेही कळू शकते. ही माहिती हाताशी असेल तर निर्णय बदलतात. एखाद्या भागात वर्षानुवर्षे राहणारी मादी लोकांच्या कधी डोळ्यांसमोर येते, पण तिला वस्तीच्या वेळा माहीत असतात. आईपासून नुकताच सुटलेला दीड-दोन वर्षांचा नर मात्र जागेच्या शोधात भलत्या ठिकाणी पोचतो. पहिलीला उचलले तर तिची रिकामी झालेली जागा घ्यायला अनोळखी बिबटे येतात. दुसऱ्याला वाट मोकळी ठेवली तर तो बहुधा स्वतःच निघून जातो. दोघांनाही ‘बिबट्या दिसला’ या एकाच तक्रारीत बसवले की उपाय एकच उरतो, पिंजरा.

त्या एकाच उपायाची किंमत महाराष्ट्राने मोजलेली आहे. जुन्नर वनविभागात २००१ नंतरच्या दोन-तीन वर्षांत उसाच्या शेतांतून बिबटे पकडून दूरच्या जंगलांत सोडण्याची मोहीम मोठ्या प्रमाणावर राबवली गेली. हेतू चांगला होता, लोकांचा दबाव खरा होता. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी पुढे त्या काळातल्या नोंदी तपासल्या तेव्हा दिसले की जुन्नर भागात माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी चारवरून सतरापर्यंत गेले होते, आणि जिथे हे बिबटे सोडले त्या जंगलांच्या आसपासही, जिथे पूर्वी हल्ले फारसे नव्हते तिथेही, ते सुरू झाले होते. हे संशोधन २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. पकडताना होणारी जखम, पिंजऱ्यातला ताण, अनोळखी मुलुख आणि परत घराकडे जाण्याची ओढ यांमुळे, एरवी माणसाला टाळणारा प्राणी माणसांच्या मधून वाट काढू लागतो. त्याच वर्षी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने बिबट्या-संघर्षाबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या आणि सरसकट पकडून दुसरीकडे सोडण्याला नकार दिला. मुंबईचा इतिहास याला समांतर आहे. राष्ट्रीय उद्यानाभोवती २००२ ते २००४ या काळात हल्ल्यांची लाटच आली; जून २००४ या एका महिन्यात नऊ-दहा माणसे गेली. बाहेरून आणलेले बिबटेही त्या काळात उद्यानात सोडले जात होते. ते थांबले, पुढे २०११ पासून उद्यानाचे तत्कालीन संचालक सुनील लिमये यांच्या पुढाकाराने संशोधक, पत्रकार, पोलीस आणि रहिवासी यांना एकत्र आणणारा उपक्रम सुरू झाला, आणि हल्ल्यांचे प्रमाण खाली आले. ते शून्य झाले असा दावा कोणी करू नये. आरे वसाहतीत २०२१ मध्ये हल्ल्यांची मालिका झाली, २०२२ च्या दिवाळीत एका चिमुकल्या मुलीचा जीव गेला. पण २०२१ मध्ये पिंजऱ्यात प्रथम सापडलेली मादी हल्ले करणारी नाही, हे आधीपासून जमवलेल्या छायाचित्रांशी ठिपके ताडून कळू शकले. ही छायाचित्रे नसती तर भलत्याच प्राण्याला कायमचे बंदिस्त करून लोकांना ‘आता निर्धास्त राहा’ असे सांगितले गेले असते, आणि ती निर्धास्ती जिवावर बेतली असती.

आता खाण्याचा प्रश्न, कारण वसईपुरते बोलायचे तर तो सर्वांत मोठा आहे. अकोले तालुक्यात, जिथे जंगल जवळपास नाही आणि सगळी शेतीच आहे, तिथल्या बिबट्यांच्या विष्ठेच्या अभ्यासात त्यांच्या आहाराचा ८७ टक्के भाग पाळीव प्राण्यांचा निघाला आणि एकूण आहारातला ३९ टक्के भाग एकट्या कुत्र्यांचा. मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानाभोवतीचे बिबटे वर्षाला साधारण दीड हजार कुत्री खात असावेत असा २०१८ च्या एका शोधनिबंधाचा अंदाज आहे. कुत्री कशावर जगतात? उघड्यावरच्या कचऱ्यावर. वसई-विरार महापालिकेची कचराभूमी गोखिवऱ्याच्या भोयदापाड्याला आहे, म्हणजे तुंगारेश्वरच्या डोंगराच्या पायथ्याशी. चिकन-मटणाच्या दुकानांतला टाकाऊ माल, बाजारांतला ओला कचरा, लग्नाच्या हॉलमागचे उरलेसुरले अन्न जंगलाच्या कडेला टाकले जाते तेव्हा आपण कुत्री वाढवतो, कुत्र्यांमागे बिबट्याला बोलावतो, आणि मग तो आला म्हणून वनखात्याला फोन करतो. यावरचा उपाय कचरा उचलण्यात आणि कुत्र्यांच्या निर्बीजीकरणात आहे, आणि दोन्ही गोष्टी महापालिकेच्या हातात आहेत. वनरक्षक महापालिकेला पत्र लिहू शकतो. पण कोणत्या प्रभागातल्या कोणत्या ढिगाभोवती गेल्या दोन वर्षांत बिबट्याच्या किती नोंदी झाल्या, तिथले कुत्रे किती, आणि ढीग हटवल्यावर काय फरक पडला, असा पुरावा मांडल्याशिवाय त्या पत्राला वजन येत नाही. असा पुरावा गोळा करणे हे या पदाचे पहिले काम ठरावे. बिबटे कुत्री खातात, त्यामुळे श्वानदंश कमी होतात, मग त्यांना खाऊ द्यावे, असेही काही जण म्हणतात. दंश कमी होतात हे त्या शोधनिबंधातच आहे. पण जो बिबट्या चाळीच्या जिन्याखालच्या कुत्र्यासाठी येतो, तो शौचाला अंधारात बाहेर पडलेल्या मुलाच्या पावलांवरही येऊन पोचतो. बिबट्याचे अन्न वस्तीच्या पोटात ठेवणे ही जोखीम त्या मुलाच्या घरावर लादणे आहे, आणि पायथ्याच्या पाड्यांवर राहणाऱ्यांनी ती का सोसावी याला उत्तर नाही.

बिबट्याच्या बातम्या होतात, रानडुकराच्या होत नाहीत. तरी पारोळ, भाताणे, शिरवली, मेढे या पूर्वेकडच्या गावांत भात पोसवू लागले की खरी राखण सुरू होते ती डुकरांविरुद्ध. माळ्यावर जागायचे, डबे वाजवायचे, शेकोटी पेटती ठेवायची. दिवसा माकडे येतात ती भाजीपाल्यावर आणि परसातल्या फळांवर. एका रात्रीत डुकरांचा कळप जेवढे खातो त्याहून जास्त तुडवतो. मग पंचनामा होतो आणि नुकसान नजरेने ठरते. या नजरेवर किती विश्वास ठेवावा? ताडोबाच्या पश्चिम कडेच्या गावांत मिलिंद वाटवे आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात डोळ्यांना दिसणारे नुकसान आणि प्रत्यक्ष उत्पन्नातली घट वेगवेगळ्या पद्धतींनी मोजली. जंगलाच्या कडेला घट सर्वांत जास्त आणि अंतर वाढत जाईल तशी ती कमी होते हे तर दिसलेच, पण नजरेच्या पंचनाम्यात खऱ्या नुकसानाचा मोठा भाग निसटतो हेही दिसले. कोवळे रोप खाल्ले की ते पुन्हा फुटते, शेत हिरवे दिसते, पण लोंबीत दाणा भरत नाही. शिवाय रात्रीच्या जागरणाचा, त्यामुळे बुडालेल्या मजुरीचा, आणि राखण जमत नाही म्हणून पडीक ठेवलेल्या तुकड्याचा पंचनामा होतच नाही. वसईच्या पूर्वेला वारली, मल्हार कोळी, कातकरी कुटुंबे वनहक्काच्या पट्ट्यावर किंवा तोंडी ठरलेल्या खंडावर भात करतात. त्यांचे नाव सातबारावर नसते, त्यामुळे भरपाईच्या वाटेवर त्यांना पहिली अडचण कागदाचीच येते. संरक्षित आणि उघड्या अशा जोडीच्या लहान तुकड्यांतले पीक कापून तोलायचे, ही मोजणीची साधी पद्धत आहे. तिला यंत्रे लागत नाहीत. भात कापणीच्या वेळी शेतात उभा राहणारा आणि हिशोब समजणारा माणूस लागतो.

डुकरे मारून टाका, हा याच्यावरचा सरळ आक्षेप. कायदा त्याला पूर्ण बंदी करत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या ११व्या कलमाने काही अटींवर उभ्या पिकाला धोका असलेल्या प्राण्याला मारण्याची परवानगी देता येते, आणि महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये रानडुक्कर आणि रोही यांच्यासाठी ही परवानगी स्थानिक पातळीवर मिळण्याची सोय केली. बिबट्यासारख्या पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्यासाठी मात्र माणसाच्या जिवाला धोका किंवा बरा न होणारा आजार, अपंगत्व एवढीच कारणे चालतात. माझा मारण्याला सरसकट विरोध नाही. भुकेल्या कुटुंबाच्या भातापेक्षा डुक्कर श्रेष्ठ आहे असे मी म्हणणार नाही. अडचण परिणामाची आहे. रानडुकरीण एका वेतात चार-सहा पिल्ले देते आणि अन्न मुबलक असेल तर ती पिल्ले वर्षभरात वयात येतात. अशा प्राण्याचे चार-दोन नर टिपल्याने पुढच्या हंगामातले नुकसान कमी होत नाही. कळपातल्या कोणत्या वयाच्या माद्या, किती आणि कोणत्या महिन्यात काढल्या तर फरक पडेल, हा जीवशास्त्राचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर न घेता दिलेली परवानगी शेतकऱ्याला बंदुकीचा खर्च आणि रागाला वाट एवढेच देते. आणि सरकारी दप्तरात परवानग्यांची संख्या सापडते, परवानगीनंतर त्या गावात भात किती वाचला याचा आकडा सापडत नाही.

आकड्यांनी प्राधान्यक्रमही बदलतो. भारतात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे मेली असा २०२० च्या मोठ्या अभ्यासाचा अंदाज आहे, म्हणजे वर्षाला ५८ हजारांच्या घरात. पालघर जिल्ह्यात नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चारही विषारी साप आहेत, आणि दंश होतात ते बहुतेक लावणी-कापणीच्या दिवसांत, शेतात राबणाऱ्यांना. डहाणू तालुक्यात आयसीएमआरच्या मुंबईतल्या संस्थेने भगत, आशा कार्यकर्त्या आणि सरकारी डॉक्टर यांना बरोबर घेऊन यावर काम केले आहे. वन्यप्राण्यांमुळे होणारी हानी हाच निकष लावायचा तर वसईच्या जीवशास्त्रज्ञाने बिबट्याइतकाच वेळ सापांना द्यायला हवा. सर्पमित्र घरोघरी साप पकडतात, पण कोणता साप कुठे, कोणत्या महिन्यात पकडला आणि कुठे सोडला याची एकत्र नोंद आरोग्यखात्यापर्यंत गेली, तर सर्पदंशावरचे प्रतिविष कोणत्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किती ठेवायचे हे पावसाळ्याआधीच ठरवता येईल.

वनखात्यातल्या अनुभवी लोकांना हे सगळे येतेच, मग वेगळे पद कशाला, असा आक्षेप खात्याच्या आतून येतो आणि तो मला सर्वांत आदराने घ्यावासा वाटतो. वीस वर्षे एका बीटात काढलेल्या वनरक्षकाला पाऊलखुणेवरून जे कळते ते पदवीने येत नाही. पण त्याच वनरक्षकाला अतिक्रमण, वणवा, रोपवन, लाकूडचोरी, मंत्र्यांचे दौरे आणि न्यायालयाच्या तारखा हे सगळे सांभाळायचे असते, आणि दर काही वर्षांनी त्याची बदली होते. त्याच्याबरोबर त्याचे ज्ञानही जाते, कारण ते लिहून ठेवण्याची जागा दप्तरात नाही. वसईत आणखी एक गुंता आहे. तुंगारेश्वर अभयारण्याचा कारभार राष्ट्रीय उद्यानाच्या यंत्रणेकडे आणि अभयारण्याबाहेरचे जंगल व वस्ती प्रादेशिक वनविभागाकडे, त्यामुळे एकाच बिबट्याच्या नोंदी दोन कचेऱ्यांत विभागल्या जातात. व्याघ्र प्रकल्पांमध्ये कंत्राटी जीवशास्त्रज्ञ नेमण्याची पद्धत रुळली आहे आणि तिचा उपयोग झालेला दिसतो. पण संघर्षाचे प्रसंग जिथे जास्त, ते प्रादेशिक विभाग या सोयीबाहेर राहिले. कल्पनाही नवी नाही. पुसा इथल्या सरकारी कृषी संस्थेच्या चार्ल्स मेसन यांनी पक्ष्यांच्या जठरांतले अन्न तपासून कोणता पक्षी शेतकऱ्याचे किती बिघडवतो आणि कीड खाऊन किती वाचवतो याचा हिशोब मांडला; तिथले कीटकशास्त्रज्ञ लेफ्रॉय यांच्या संपादनाखाली ते काम १९१२ मध्ये प्रसिद्ध झाले. भारतीय कृषी संशोधन परिषदेने १९८२ मध्ये पिकांच्या दृष्टीने पक्ष्यांचा अभ्यास करणारा देशव्यापी प्रकल्प सुरू केला. म्हणजे शेतीच्या बाजूने सरकारने हे काम शंभर वर्षांपूर्वी ओळखले होते, वनाच्या बाजूने ते अजून पदांच्या यादीत आलेले नाही. खर्चाचे म्हणाल तर वन्यप्राण्याच्या हल्ल्यात मृत्यू झाल्यास राज्य सरकार आज कुटुंबाला २५ लाख रुपये देते. एखाद्या कंत्राटी जीवशास्त्रज्ञाचा काही वर्षांचा पगार त्यातून निघतो.

बिबटे फार झाले आहेत, आता मोजणी आणि संशोधन पुरे, असे पुणे-अहिल्यानगर पट्ट्यातले शेतकरी म्हणतात, आणि २०२५ मध्ये शिरूर-जुन्नर भागात लहान मुले गेली ती पाहता त्यांचा संताप समजून घेतला पाहिजे. त्यानंतर माद्यांची प्रायोगिक नसबंदी करण्याचा मार्ग राज्याने धरला. तो यशस्वी व्हावा. पण नसबंदीने संख्या घटली की नाही हे कळण्यासाठी आधी संख्या माहीत असावी लागते. केंद्र सरकारच्या २०२२ च्या अंदाजानुसार महाराष्ट्रात १,९८५ बिबटे आहेत, आणि ही गणना मुख्यतः वाघांच्या राज्यांतल्या वनक्षेत्रांत झाली. उसातला आणि चाळींमागचा बिबट्या तिच्यात नीट येत नाही. ज्याची गणती नाही त्याच्याविषयी ‘फार झाले’ आणि ‘कमी झाले’ ही दोन्ही विधाने सारख्याच आवेशाने करता येतात, आणि निर्णय ज्याचा आवाज मोठा त्याच्या बाजूने जातो.

माणसांपेक्षा प्राण्यांची बाजू घेणारा आणखी एक अधिकारी, हा संशय लोकांच्या मनात असतो. वसईच्या आसपास तो दूर करायला एक भक्कम आधार आहे. वारल्यांच्या वाघोबा या देवाची ठाणी मुंबई उपनगर, ठाणे आणि पालघर जिल्ह्यांत शेकड्यांनी असावीत. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा दीडशेहून जास्त ठाण्यांची नोंद झाली. वाघबारशीला तिथे कोंबडा, नारळ दिला जातो आणि वाघोबाने वर्षभर माणसे-गुरे राखावीत असे मागितले जाते. यात नुकसान मुकाट सोसण्याचा भाव नाही. ही देवाणघेवाण आहे, आणि वाघोबाने आपली बाजू पाळली नाही तर तक्रारीचा हक्क ठेवूनच ती होते. याच लोकांशी बोलून त्यांची गुरे कुठे बांधली जातात, कोणत्या ओढ्याने बिबट्या उतरतो हे विचारणारा माणूस परका ठरणार नाही. मात्र तो मराठी आणि वारली बोलीत बोलणारा असावा, आणि गोठ्याला दार बसवण्याचे पैसे मिळवून देण्याइतकी त्याच्या शिफारशीला किंमत असावी. नुसता सल्ला घेऊन आला तर दुसऱ्या वेळी त्याला कोणी बसायला सांगणार नाही.

उरला तो सर्वांत अवघड आक्षेप, आणि तो अमेरिकेच्या इतिहासातून येतो. तिथे १८८० च्या दशकात कृषी खात्यात पक्षी आणि सस्तन प्राण्यांचा आर्थिक दृष्टीने अभ्यास करणारा विभाग निघाला. १९३१ च्या कायद्याने प्राण्यांमुळे होणाऱ्या नुकसानीचे नियंत्रण हे सरकारचे काम ठरले, आणि पुढची अनेक दशके त्या यंत्रणेतले जीवशास्त्रज्ञ पशुपालकांच्या सांगण्यावरून लांडगे आणि कोयोटी यांना विष, सापळे आणि बंदुकीने मारत राहिले. ज्यांच्याकडून निधी आणि पाठिंबा मिळतो त्यांचे नुकसान मोठे दिसू लागते, हा धडा खरा आहे. आपल्याकडेही बिल्डर, फार्महाऊसवाले, नगरसेवक यांचा फोन पाड्यावरच्या माणसाच्या अर्जापेक्षा लवकर पोचेल. म्हणून पदाबरोबर अटीही हव्यात. नोंदी खुल्या असाव्यात, पकडण्याच्या वा मारण्याच्या प्रत्येक निर्णयाआधी कारण आणि अपेक्षित परिणाम लेखी द्यावा, वर्षाने तो परिणाम झाला की नाही हे त्याच कागदावर लिहावे, आणि जीवशास्त्रज्ञाची शिफारस डावलायची असेल तर वरिष्ठांनी तसे सहीनिशी नोंदवावे. भाताची कापणी आटोपली, दिवाळी झाली, की पूर्वपट्टीतल्या ग्रामसभांमध्ये आणि महापालिकेच्या सभेत हा वर्षाचा हिशोब मराठीत वाचला जावा. कोणत्या गावात किती भात गेला, कोणत्या ढिगाची तक्रार पालिकेने किती महिने ठेवून दिली, कोणता बिबट्या कोणत्या महिन्यात महामार्ग कुठे ओलांडताना दिसला. हे शेवटचे तर आताच हवे आहे. दुव्यातल्या नव्या मार्गांवर प्राण्यांसाठी पूल आणि बोगदे कुठे ठेवायचे हे आराखड्यात ठरते, आणि काँक्रीट पडल्यावर ती जागा वीस मीटरही सरकवता येत नाही.